तीन पायऱ्यांचा काढा

बुध. ९ नोव्हेंबर १९२७

सौ.ची चौथी बाटली आज संपली. बोटीने आणखी सहा मागवायच्या तर या महिन्यात घरात दुसरे काही येणार नाही. डॉक्टरांचे म्हणणे, हिवतापाने रक्त उतरले आहे, दोन्ही जेवणांबरोबर अर्धा अर्धा पेला काळी बिअर दोन महिने चालू ठेवा, औषध समजा. मी समजतो. फक्त बंदरावरून खोके आणताना वर घडी घातलेले धोतर ठेवतो. मद्यपाननिषेध मंडळाच्या चिटणिसाकडे मुंबईहून बाटल्या येतात हे हमालाने तरी कशाला पाहावे.

सौ. नाक दाबून घेते. "जळक्या भाकरीचं पाणी आहे हो नुसतं." पण परवापासून ती भिंत न धरता न्हाणीपर्यंत जाते.

शनि. १२ नोव्हेंबर

कॉलेजातले रसायनाचे जुने पुस्तक माळ्यावरून काढले. धान्याला मोड आणायचे, वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे, ते गोड पाणी कडू पाल्याबरोबर उकळायचे, निवल्यावर आंबवायचे. यात न समजण्यासारखे काही नाही. जव येथे मिळणे कठीण, पण नाचणी घरात आहे, आणि मोड आणणे सौ.ला माझ्यापेक्षा चांगले येते. कडूपणाला काडेचिराईत चालेल.

परवान्याशिवाय घरी दारू गाळणे वा आंबवणे हा गुन्हा आहे. ते कलम मंडळाच्या सभेत मीच मोठ्याने वाचून दाखवले होते.

ठरवले : औषधापुरते. ती बरी होईपर्यंत. येथे लिहिताना 'काढा' म्हणेन.

रवि. २० नोव्हेंबर

पहिला प्रयत्न. उकळत्या पाण्याचा हंडा चुलीवरून उचलून नाचणीवर ओतताना कमरेत उसण भरली. निम्मे पाणी डाव्या पायावर. सौ. उचलू शकत नाही, बाहेरचे कोणी बोलावता येत नाही. पायाला कोरफड लावून बसलो आहे. शाळेत काय सांगू? चहाचे आधण सांडले म्हणेन. (सांगितले. हेडमास्तर, हे. मा., स्वतः घरी येऊन मलम देऊन गेले. भला माणूस.)

सोम. २१ नोव्हेंबर

लंगडत शंकराच्या देवळात. पिंडीवर गळती चालू होती. तांब्याचे भांडे वर टांगलेले, बुडाला बारीक भोक, खाली धार. कोणी उचलत नाही, कोणी ओतत नाही. पाणी स्वतःच्या वजनाने उतरते. मी हात जोडून उभा होतो आणि मनात वरचे भांडे किती उंच, मधले किती, खालचे किती याचा हिशेब करत होतो. गुरवाने तीर्थ पुढे केले तेव्हा दचकलो.

देवासमोर दारूची योजना. पण योजना बिनचूक आहे.

गुरु. २४ नोव्हेंबर

मांडणी : मागच्या लाकडांच्या खोपीत, विहिरीच्या कामातून उरलेल्या चिऱ्यांच्या तीन पायऱ्या. सर्वांत वर शेगडीवर पाण्याचा हंडा, तेथेच तापणारा, म्हणजे उचलायला नको. मध्ये बुडाला भोक पाडलेला माठ, आत पंचा, पंचात नाचणी. खाली चुलीवर पातेले. वरचे पाणी धारेने मधल्यात, मधले गोड पाणी आपोआप खालच्यात. विकत काही घेतले नाही. दोन फळ्या आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या. पातेल्याला मात्र कल्हई करून घेतली, आंबट गोष्ट आहे.

तोटी व रबरी नळी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणली. उष्णतामापकही. वापरून परत ठेवीन. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून कोणाला विचारावे लागले नाही. ही सोय की आणखी वाईट?

रवि. २७ नोव्हेंबर

धार मध्येच बंद. तोटी उघडी, नळी मोकळी, हंड्यात पाणी, तरी थेंब नाही. तासभर नळी फुंकत बसलो. मग दिसले. नळी लांब पुरत नव्हती म्हणून मी वरची पायरी एका चिऱ्याने उतरवली होती. नाचणी मुरावी म्हणून माठाचे भोक बोळ्याने बंद होते, त्यामुळे दोन्ही भांड्यांतले पाणी एका उंचीला आले आणि थांबले. याच आठवड्यात मॅट्रिकच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवले, पाणी आपली पातळी गाठते. सौ. दारात बसून हसली. आजारानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "मुलांना कळलं असेल, मास्तरांना नाही."

चिरा परत चढवला.

गुरु. १ डिसेंबर

गोड पाणी उत्तम उतरले. पण आंबवायला विरजण हवे. ते रत्नागिरीत एकाच ठिकाणी मिळते, माडीच्या तळाशी बसणाऱ्या साक्यात. पाववाल्याचे पीठही त्यानेच फुगते. आणि पाववाल्याला माडी देतो सोमा.

गेल्या वर्षी शाळेजवळचे माडीचे दुकान बंद व्हावे म्हणून अर्ज गेला, तो मी लिहिला. दुकान गेले. दुकानाला माडी काढून देणाऱ्या सोमाचे अठरा माडांचे परवाने गेले, दोन राहिले, तेही फक्त पावाच्या भट्टीसाठी. थेंब इकडेतिकडे झाला तर ते दोनही जातील. त्याचा थोरला मुलगा त्यानंतर मुंबईला गिरणीत गेला.

दुसऱ्या कोणाकडून मागता येईल का, दोन दिवस विचार केला. नाही.

शनि. ३ डिसेंबर

भर दुपारी गेलो, रस्त्यावर कोणी नसते म्हणून. सोमा ओटीवर कोयती परजत होता. मी खोकून सगळे सांगितले : सौ.चा ताप, डॉक्टर, काढा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"मास्तर, अर्जात लिवलं व्हतंत ना, माडी म्हंजे इख. किती देऊ आता इख? वाटीभर पुरंल?"

त्याची बायको आत हसली. मग तोच उठला, मडक्याच्या तळचा पांढरा साका वाटीत काढला, वर केळीचे पान बांधले. "वयनींसाठी हाय ना, न्या." काही घ्यायला तयार नाही.

निघताना मी म्हटले, पुढच्या वेळी तूच मागच्या दाराने आणून देशील का? मला असे येणे बरे दिसत नाही. तो "बरं" म्हणाला. बरे कोणाला दिसत नाही, हे त्याने विचारले नाही.

सोम. १२ डिसेंबर

काढा तयार. काळा, फेस धरतो. सौ. : "बाटलीतल्यापेक्षा बरा आहे. करपलेल्या भाकरीवर गूळ." डॉक्टरांना दाखवला नाही.

चव पाहायची म्हणून मीही घोटभर घेतला. आयुष्यातला पहिला. करणाऱ्याने चव पाहायलाच हवी. दुसरा घोट का घेतला, ते लिहिता येत नाही.

रवि. १८ डिसेंबर

सोमा सकाळी साका देऊन गेला. दुसरी खेप लावली. आता माठाला बाहेरून काथ्या गुंडाळला आहे, ऊब टिकते. धार मोजली : एका घटकेत हंडा उतरतो. खालच्या पायरीला उतार दिला. मंडळाच्या सभेला उशीर झाला. ठरावावर मी बोललो, टाळ्या पडल्या.

बुध. २८ डिसेंबर

नाताळची सुट्टी. डॉक्टर येऊन गेले. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या, रक्त भरले, म्हणाले, आता पेला बंद केला तरी चालेल. सौ.ने त्यांच्यासमोरच देवाला साखर ठेवली.

दुपारी मी खोपीत मधल्या माठाला दुसरे भोक पाडत होतो. ती येऊन उभी राहिली.

"मी बरी झाले ना?"

"हो."

"मग हे कोणासाठी?"

मी सांगितले की पंच्यातून पाणी एकाच बाजूने उतरते, नाचणीचा अर्धा कस वाया जातो, एवढे एकदा सुधारले की मांडणी पूर्ण होईल. मांडणी पूर्ण कशासाठी व्हायची, हे मलाही सांगता आले नसते.

रवि. १ जानेवारी १९२८

सोमाला निरोप पाठवला, शनिवारी ताजा साका आण. जुन्या भांड्याच्या तळाशी माझाच साका होता, त्यावर काम भागले असते. हे मला माहीत होते. ताज्याने चव स्वच्छ येते एवढेच कारण.

शनि. ७ जानेवारी

सोमाला धरले.

शाळेच्या वळणावर, सकाळी सात वाजता. आबकारीचा इन्स्पेक्टर व दोन शिपाई. हातात पानाने बांधलेला लोटा. पाववाल्याची भट्टी पूर्वेला, सोमा पश्चिमेला चालला होता. माझे मागचे दार वळणापासून शंभर पावले. मी दारात उभा राहून त्याची वाट पाहत होतो. आवाज ऐकला. बाहेर गेलो नाही. कडी लावून घेतली.

रवि. ८ जानेवारी

त्याने जबानी दिली, पोटात कळ आली म्हणून स्वतःसाठी नेत होतो. कचेरीतला कारकून हसला म्हणे, पोट घराकडे दुखते की शाळेकडे? माझे नाव त्याने घेतले नाही.

मी दिवसभर काय केले ते लिहितो. आंबत असलेली खेप शेणखळीत ओतली. माठ फोडला. चिरे धुऊन विहिरीशी रचले. तोटी, नळी, उष्णतामापक कपाटात परत ठेवले, शाळा बंद असताना. सौ.ने विचारले, एवढी घाई कसली? माठाला चीर गेली म्हटले. सोमाला धरल्याचे तिला पाणी भरताना कळले होते. "बिचारा," म्हणाली, "कुणाला नेत असेल?" साका येतो तो पाववाल्याकडून, असे मीच तिला पहिल्या दिवशी सांगितले होते. सोमा मागच्या दाराशी येतो तेव्हा ती आंघोळीला असते, ही वेळही मीच ठरवली होती.

त्याच्या दारी जायला मी लाजलो, म्हणून तो माझ्या दारी येत होता. मी गेलो असतो तर वळणावर मी सापडलो असतो. बस, इतकेच आहे. बाकी सगळे मी त्याभोवती लिहितो आहे.

आजपासून 'काढा' लिहिणार नाही. दारू.

मंगळ. १० जानेवारी

हे. मा. मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी बोलावले. फार खूश. शाळेच्या दारात हे चालले होते, आता कलेक्टरसाहेबांकडे मंडळाचे पत्र जायला हवे, की दोन्ही माडांचे परवाने रद्द व्हावेत आणि जरब बसेल अशी सजा व्हावी. "तुमच्या लेखणीला धार आहे. तुम्हीच लिहा, सही तुमचीच."

नाही म्हणायला तोंड उघडले. "कधीपर्यंत?" असे निघाले. गुरुवार, १९ पर्यंत.

बुध. ११ जानेवारी

पत्र लिहिले. चार परिच्छेद. शेवटी वाचून पाहिले, आणि एक वाक्य चांगले जमले आहे असे वाटून पुन्हा वाचले. मग मला माझीच किळस आली. तरी वाक्य खोडले नाही.

शुक्र. १३ जानेवारी

सुनावणी. शाळेत अर्धी रजा, कारण 'घरचे काम'. कचेरीच्या ओसरीवर सोमा उकिडवा बसला होता, शेजारी बायको. मी जवळ गेलो आणि हळू म्हटले, मी आत जाऊन सांगतो, लोटा माझ्यासाठी होता. खरेच सांगणार होतो की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

तो वर न बघता म्हणाला, "सांगून काय व्हतंय? तुमची चाकरी जायची. तुमची चाकरी गेली म्हून माजे माड परत मिळनार हायत व्हय? जावा घरी मास्तर. वयनी बऱ्या हायत ना?"

त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ह्ये सांगतायत, जावा. मी नाय सांगत."

साहेब दौऱ्यावर. पुढची तारीख शुक्रवार २०. शिपायाने हे सांगितले तेव्हा छाती हलकी झाली. घरी पोचेपर्यंत हलकीच होती.

बुध. १८ जानेवारी

सौ.ला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवले नाही, निवडत राहिली. मी पत्राचेही सांगितले, त्या वाक्यासकट.

"माडी आणली कोणी?"

"सोमाने."

"मागितली कोणी?"

"मी."

"आणि प्यायले मी. मग शुक्रवारी दोघांनी जायचं."

मी म्हटले, आपल्यातल्या बायका कचेरीची पायरी चढत नाहीत.

"आपल्यातल्या बायका दारूही पीत नाहीत," ती म्हणाली.

नोकरी गेली तर काय, हे मी मांडायला लागलो. बावीस वर्षांची नोकरी, या गावात दुसरी शाळा मला घेणार नाही, कदाचित मलाही सजा. तिने ऐकून घेतले. तिलाही भीती वाटते, असे म्हणाली. पण सोमाच्या बायकोला विहिरीवर तोंड कसे दाखवू, असेही म्हणाली. माझ्या मनात इतके दिवस सोमा होता, मंडळ होते, मी होतो. विहीर आली नव्हती.

गुरु. १९ जानेवारी

हे. मा.नी शिपाई पाठवला, पत्रासाठी. पुरे झाले नाही असे सांगितले. सही नाही, म्हणून खोटे नव्हे. असली खरी वाक्ये आता मला सहज सुचतात. संध्याकाळी ते स्वतः वाटेत भेटले, उद्या सुनावणीआधी माणसाबरोबर कलेक्टरकडे पाठवू म्हणाले, पत्र न्यायला मी साडेनऊला येतो.

पत्र फाडले नाही. मेजाच्या खणात आहे. फाडले असते तर येथे तसे लिहायला बरे वाटले असते.

शुक्र. २० जानेवारी

सौ. सकाळीच न्हाऊन, ठेवणीतले लुगडे नेसून तयार झाली. आजारानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर इतके लांब चालणार. मी म्हटले, गाडी सांगू का. म्हणाली, गाडीतून उतरताना लोक जास्त बघतात.

नऊ वाजून गेले. कचेरी दहाला भरते. रस्त्याच्या खालच्या टोकाला हे. मा.ची छत्री दिसते आहे.

ती कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी उभी आहे. "येताय ना?" तिने दोनदा विचारले. मी म्हटले, एवढी नोंद पुरी करतो आणि आलो.

नोंद केव्हाच पुरी झाली आहे.