सुमितच्या चौकशीला आलेला माणूस

खुटबाव, ता. दौंड
१७ मार्च २००२

चि. सुमित यास,
मामाचा सप्रेम जय भीम. इकडं सगळी खुशाल. तुझी आई गुडघा धरून का होईना, गव्हाच्या काढणीला जाते. विहाराच्या पत्र्याला नवा रंग दिलाय.

बंदूक हातात धरणार नाही असं तुझ्या पलटणीच्या साहेबांना लिहून दिलंस, हे वाचून मी बरेच दिवस पत्राला उत्तर लिहिलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी पलटणीत नाव काढलं, आणि तू म्हणतोस, जीव घ्यायचा नाही हे पहिलं शील मोडवत नाही. खरं सांगू, मला शंका आली. सुट्टीला आलास तवा सुकटाच्या कालवणाचा टोप पुसून खाल्लास, तवा शील कुठं होतं? सीमेवर फौज जमलीय, पोरगं भ्यालं, असंच वाटलं.

मग एक माणूस आला. उसाचं रान विकत घ्यायचंय म्हणाला. पण विहिरीत डोकावला नाही, पाण्याची पाळी विचारली नाही. पँट साधी, बूट पलटणीचे. चहा पिता पिता तुझ्यावर आला. "सुमितला हे कोण शिकवतं? विहारात बाहेरची माणसं येतात का?"

मला वाटलं, हा पोराला कुठल्यातरी संघटनेत गोवतोय. भित्र्याला घरी धाडतील, संघटनेवाल्याला तुरुंगात. म्हणून बोलून गेलो, "कशाचं शील, साहेब. भित्रं हाय ते. फटाक्यालाबी पळायचं."

तुझी आई चुलीपासनं म्हणाली, "दादा, काय बोलतोस? रखमाजीच्या म्हशीसाठी पुरात कोण उतरलं होतं?"

"तू गप गं, अनसा."

त्यानं कप खाली ठेवला. "मामा, मला साहेबांनीच पाठवलंय. सांगून आलो असतो तर गावानं पढवून ठेवलं असतं. बंदूक न धरण्याची सूट कायद्यात नाही. पण मुलगा मनापासून बोलत असेल, तर साहेब त्याला दवाखान्याच्या कामाला लावणार होते. भित्रा असेल, तर पुढच्या चौकीवर धाडून भीती मोडतील."

एवढं बोलून गेला. आगीतून काढायला गेलो आणि तुला फुफाट्यात टाकलं. तो खरं बोलला की तोही डावच होता, मला अजून उमगत नाही.

अनसाच्या त्या पुराच्या बोलण्यानंच मला विचार करायला लावलं. भ्यालेलं पोरगं पोटदुखी सांगून सुटलं असतं. तू साहेबापुढं उभा राहून, शिक्षा होईल हे ठाऊक असून बोललास.

हे पत्र कुणी फोडून वाचलं तर वाचू दे. तू स्वतःच साहेबांना दाखव. म्हणावं, माझा मामा त्या माणसाशी खोटं बोलला. 'पाणातिपाता वेरमणी' हे पहिलं शील तू गुडघ्याएवढा होतास तवा मीच अर्थासकट म्हणून घेतलं, बाहेरच्या कुणी नाही. बोलावलं तर येईन, आणि साहेबांच्या तोंडावर हेच सांगीन. माझ्यावर काय यायचं ते येवो.

तुझ्यावर शंका घेतली, तेवढी पोटात घाल.

तुला हे शिकवणारा,
ज्ञानदेव भिमा सोनवणे, गवंडी
मुक्काम खुटबाव