मानेचा फोटो

तानाजी भाऊजींना संगीतावहिनीचा नमस्कार,

तुमच्या हाताचं प्लास्टर अजून महिनाभर आहे, असं जाऊबाई म्हणाल्या. माफी मागायला बसले होते, पण खोटं लिहवत नाही.

सायली चालताना झोकांड्या द्यायला लागली, म्हणून तिला गेवराईला दाखवलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. तुम्ही हसलात, "फोटो कशाला वहिनी? स्थळ आलंय का हिला?" फोटोत मणके सरकलेले निघाले. ऑपरेशनपर्यंत मानेला हिसका बसला तर पोरगी लुळी पडेल, हे तुम्हाला दोनदा सांगितलं होतं.

तरी देवळात तुम्ही तिचं मानगूट धरलंत. "देवीपुढं ताठ उभी राहती व्हय? वाक!" म्हणत दाबलंत. ती किंचाळली. माझ्या हातात ओटीचा नारळ होता, तो तुमच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तुम्ही सोडलं नाही, म्हणून पुन्हा हाणला.

देवीच्या कृपेनं तिचे हातपाय हलतात. पण भाऊजी, लहानपणी दर मंगळवारी तिची मान दाबून नमस्कार मीच करवून घ्यायची. तुम्ही माझंच बघून शिकलात. म्हणून हे पत्र टाकत नाही, पोथीत ठेवते.

नारळाला तडाही गेला नव्हता. तुमचं रक्त पुसून तोच देवीला वाहिला. सायलीनं ताठ उभं राहून हात जोडले. मीही वाकले नाही.

सायलीची आई