माईने फ्रिजाबाहेर ठेवलेल्या अँटीबॉडीबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
वनस्पती संशोधन केंद्र, बोईसर

विषय : समिधाताईंना काढू नये. चूक आमच्या घरची हाय.
संदर्भ : आपण त्यांना दिलेली नोटीस.

महोदय,

शांताराम राऊत, राहणार माकुणसार, धंदा पानमळा. शाळा थोडी झाली, म्हणून बोलतो तसंच लिहितो, राग मानू नये. आपल्या केंद्रात संशोधन करणाऱ्या समिधाताई आमच्याकडे भाड्याने राहतात.

१. नवरात्राआधी केंद्राचा फ्रिज बिघडला. ताई गावी निघालेल्या, म्हणून अँटीबॉडीच्या बारक्या बाटल्या आमच्या फ्रिजात ठेवून गेल्या. माझ्या बायकोने, गाव तिला माई म्हणतं, विचारलं, "ह्यात काय गं हाय?" ताईंनी मन लावून सांगितलं. पानाच्या पेशीला भिंत असते, भिंतीत साखरेच्या नाना साखळ्या. हे औषध त्यातली एकच साखळी ओळखतं, तिलाच चिकटतं, मग मशीनखाली तेवढीच जागा चमकते. माई म्हणाली, "म्हणजे पोलीस पाटीलच की!" पण ते उंदराच्या पेशींपासून बनवतात, हेही ताई बोलून गेल्या.

२. घट बसले. देवीचं दूध त्याच फ्रिजात. माई म्हणाली, "उंदराचं काय माझ्या देवीशेजारी नको." बाटल्या मोरीवरच्या फळीवर गेल्या. तिथे दुपारी पत्रा तापतो. दसरा झाल्यावर पुसून परत आत. मी बोललो, "अगं, पोरीला सांग तरी." ती म्हणाली, "झाकण कुठे उघडलंय मी?" मीपण पोरीला सांगितलं नाय.

३. मग ताईंच्या मशीनखालच्या काचांवर काय चमकेना. पुन्हा पुन्हा केलं, काळोखच. आपण त्यांना बेजबाबदार ठरवलंत. घरी येऊन जेवताना पोरगी म्हणाली, "माई, माझा हातच वाईट आहे." माईने तिला भात वाढला नि आत जाऊन तोंडावर पदर घेतला. तेव्हापासून ती पोरीसमोर बसत नाय. पोरीला वाटतं, आपलंच काय चुकलं. रोज ठरवतो सांगायचं, पण ती "काका" म्हणाली की मी पानमळ्यात निघून जातो. लाज वाटते साहेब.

४. ते औषध पत्र्याच्या तापाने मेलं असणार, तरी नव्या बाटल्या देऊन तिला एकदा करू द्यावं. तिचा हात चांगला हाय.

हा अर्ज तिच्याच हाती पाठवतोय. पाकीट चिकटवायला घेतलं, तर माईने हात धरला. म्हणाली, "उघडंच असू दे. वाटेत वाचू दे तिला."

मान खाली घालून, आपला,
शांताराम राऊत
माईचा अंगठा

माकुणसार, दि. १० नोव्हेंबर २०२५