‘पडू?’ असं विचारायचं राहिलं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकवून. तसा मी शनिवारी खरोखरच घातला, शाळेच्या सभागृहात, सगळ्या पालकांसमोर. ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तू "ठणठणीत" म्हणतेस आणि लगेच तुझं दूध उतू जातं. केव्हाही फोन केला तरी ते नेमकं याच प्रश्नाला उतू जातं, म्हणून हे पत्र. पत्र अर्धवट ठेवून कुणाला गॅस बंद करायला धावता येत नाही. हल्ली फोन उचलायलाही तुला बराच वेळ लागतो, पण ते असो. माझं अक्षर सुधारलंय असं वाटलं तर लगेच खूश होऊ नकोस. आणि तुझ्या सवयीप्रमाणे पत्राचा शेवट आधी वाचू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

मी बरी आहे आणि नोकरी अजून आहे. ती जवळजवळ गेली होती. तुला माहीतच आहे, शाळेने मला मुलांचे नाट्यखेळ घ्यायला ठेवलंय ते या सत्रापुरतंच. पर्यवेक्षिकाबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, सत्र संपताना पालकांना खेळ दाखवा, त्यांना रुचले तर वर्ग पुढे चालेल, नाहीतर सभागृह टेबल टेनिसला. (तेव्हापासून मला टेबल टेनिसच्या चेंडूचा आवाज झोपेत ऐकू येतो. आमच्या घराजवळ कुणीही टेबल टेनिस खेळत नाही.) मुलांचं काही अडत नव्हतं. अंग सैल करायचं, वाघासारखी जांभई द्यायची, समोरच्याचा आरसा व्हायचं, हे सगळं त्यांना माझ्याहून चांगलं येतं. घोळ घातला तो मी, आणि तोही तुझ्या शिकवणीमुळे.

आठवतं ना, शाळेत जायच्या आधी तू मला स्वयंपाकघरात ओट्यापाशी शिकवायचीस? तुझा एक नियम होता: शिकताना एका शब्दाला एकच अर्थ. "कर" म्हणजे हात म्हटलं की तो धडा संपेपर्यंत हातच. तोच नियम मी इथे लावला. आमचा एक विश्वासाचा खेळ आहे. एका मुलाने बुटक्या बाकावर पाठमोरं उभं राहायचं, बाकीच्यांनी मागे दोन रांगा करून हात गुंफायचे. बाकावरचा विचारतो, "पडू?" मागचे सगळे ओरडतात, "पड!" की त्याने मागे न बघता, पाय न हलवता, अंग सोडून द्यायचं. धोक्याचा खेळ, म्हणून मी ठरवून टाकलं की सभागृहात "पड" हा शब्द फक्त याच कामाला. इतर कशालाही वापरायचा नाही. मुलांना तर हेच हवं होतं. त्यांच्या पेन्सिली खाली जाऊ लागल्या. वर्गातला गुटगुटीत विनोदी मुलगा, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो हात वर करून म्हणायचा, "ताई, मला एक प्रश्न खाली गेलाय." मी हसायचे. आता माझीही जीभ अशी वळलीये की हे पत्र लिहितानासुद्धा मी तो शब्द चुकवतेय, लक्षात आलं का?

या खेळात फक्त एकीला यश येत नव्हतं. उंच मुलगी आहे, तिला शिडी म्हणतात. (मी दटावलं होतं, पण तिनेच सांगितलं, असू दे ताई, पूर्वी बांबू म्हणायचे.) ती बाकावर चढायची, "पडू?" विचारायची, आणि "पड" ऐकलं की दर वेळी एक पाय मागे टाकून स्वतःलाच सावरायची. मग उतरून कोपऱ्यात बसायची. तिची आई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. या खेळाचं कळल्यावर ती मला फाटकाशी गाठून म्हणाली होती, "बाई, पडायला शिकवायची काय गरज? आमच्याकडे येतात ते सगळे न शिकताच येतात."

शनिवारी त्या आई पहिल्याच रांगेत, हाताची घडी घालून. पैलवान बाकावरून असा गेला की मागच्या रांगा गुडघ्यापर्यंत वाकल्या, पण धरला. टाळ्या झाल्या. आणि मग शिडी आपणहून बाकावर चढली. मी तिला बोलावलं नव्हतं, आत्या. चढली, पाठ केली आणि गप्प. विचारेच ना. मुलांचे गुंफलेले हात भरून आले. आता ही उतरेल असं मला वाटलं, म्हणून मी मागच्या मुलांना खूण केली, हात सोडा, थोडा दम घ्या. रांगा विस्कटल्या. एकजण बुटाची नाडी बांधायला वाकला. शिडीला यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं. मागे बघायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

नेमकी हीच वेळ साधून पर्यवेक्षिकाबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. त्या मनाने चांगल्या आहेत. मुलीची पंचाईत त्यांना बघवेना. मायेने म्हणाल्या, "राहू दे हं बाळ. नसेल जमत तर राहू दे. उतर, आणि हळूच बाहेर पड."

शेवटचा शब्द कर्ण्यातून सगळ्या भिंतींना लागून परत आला. शिडीचे खांदे सैल झाले. पाय जागचे हलले नाहीत. सत्रभर जे तिला एकदाही जमलं नव्हतं ते तिने अगदी शिकवल्याबरहुकूम केलं, आणि मागे कुणी नव्हतं.

मी बाजूला उभी होते. काय केलं ते मला सांगता येत नाही; पालक सांगतात की मी सूर मारला. मला आठवतं ते एवढंच की मी जमिनीवर पालथी होते, माझ्या पाठीवर ती होती, आणि सभागृहात अशी शांतता होती की आता ही ओरडेल किंवा कधीच ओरडणार नाही, असं वाटत होतं. मग वरून आवाज आला, "ताई! मी पाय नाही टाकला मागे!"

तिची आई कधी पोचली कळलं नाही. तिने लेकीची मान, पाठ, कोपरं चाचपली आणि विचारलं, "मागे कोणी नव्हतं, दिसलं नाही तुला?"

"मागे बघायचं नसतं," शिडी म्हणाली. "ताई आहेत ना!"

मला त्या क्षणी जमिनीनेच पोटात घ्यावं असं झालं. तिच्या आईने मग माझं मनगट दाबून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाली. मला विशेष लागलं नाही. पर्यवेक्षिकाबाई पांढऱ्याफटक झाल्या होत्या. तरी समारोप करायचाच म्हणून म्हणाल्या, "आजचा कार्यक्रम व्यवस्थित पार..." आणि थांबल्या. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. नाडीवाला धावत जाऊन बाकामागे उभा राहिला. "...पार झाला," बाई म्हणाल्या. मागून पैलवान म्हणाला, "छान खाली गेला."

वर्गाचं काय, असा विषय निघाल्यावर सगळ्या पालकांनी शिडीच्या आईकडे बघितलं. ती म्हणाली, "वर्ग चालू द्या. बाक मी घेऊन जाते." आणि खरंच घेऊन गेली.

तुझी भित्री भाची

ता. क. तुझ्या शेजारच्या काकूंचा फोन आला होता. आत्या, तू पडलीस. न्हाणीघरात, गेल्या महिन्यात. (हा शब्द मी खेळाबाहेर पहिल्यांदाच वापरते आहे.) दूध उतू जात नव्हतं, दूध त्याच आणून देत होत्या. मी रागावलेली नाही. माझी खोली तळमजल्यावर आहे, पायरी नाही, खिडकीजवळची खाट रिकामी आहे. इकडे राहायला ये. हे मागण्यासाठीच वरचं सगळं लिहिलं.

ता. क. आणखी एक. वर "विशेष लागलं नाही" असं आहे, ते तुझ्या नियमाने खोटं ठरतं. मनगट मोडलंय. प्लास्टर शिडीच्या आईनेच घातलं. हे पत्र मी सांगितलं आणि शिडीने लिहिलं. तिचं कौतुक जिथे आहे तिथे मी सांगितलं त्याहून जास्त झालंय, असा मला संशय आहे. तेव्हा लपवलं तू आणि मी, दोघींनीही, फिटंफाट.

ता. क. (हे ताईंनी सांगितलेलं नाही.) आत्याआजी, काहीही वाढवलेलं नाही. ताईंना एका हाताने वेणी घालता येत नाही, त्या तशाच वर्गावर येतात आणि पैलवान हसतो. तुम्ही याच. आईने बाक परत दिलाय, तो तुमच्या खाटेशी पाय ठेवायला होईल. आम्ही सगळे मागे हात गुंफून उभे आहोत, या वेळी कोणी नाडी बांधणार नाही. तुम्ही फक्त विचारा, "पडू?"