टाचेतलं भोक

४ जानेवारी
नोकरी लागली एकदाची. क्रीडासंकुलात सफाईचं काम आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली दोन खोल्यांचं बिऱ्हाड. लेकीला पळायला दारातच मैदान. ती हरखून गेली. मुख्य दाराशी धावपटूचा पुतळा आहे, ब्राँझचा, आतून पोकळ, तीन माणसं उंच. पळायच्या पवित्र्यात असूनही साठ वर्षांत जागचा हलला नाही, म्हणून सगळे त्याला ‘मोठे साहेब’ म्हणतात. शर्यतीआधी खेळाडू त्याच्या पावलावर हात घासतात, त्यामुळे तेवढंच पाऊल लखलखतं. त्याची निगा आता माझ्याकडे.

९ जानेवारी
टाचेत पाणी निघून जायला मुठीएवढं भोक आहे, त्यात लाकडी बूच ठोकलेलं. मुकादम म्हणाले, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पण कडेनं तेलकट ओघळ येत होता, शिळ्या घामाच्या वासाचा. घाण दिसली की मला राहवत नाही. बूच काढलं. पिवळट, कोमट, मलमासारखं काहीतरी बादलीभर आलं. बादली गटारात ओतली.

१२ जानेवारी
भोकात तार घातली. केसांचा गुंता निघाला, मुळाशी ओला. मुकादमांनी तोंड फिरवलं. म्हणाले, साठ वर्षं लोक त्याला हाताचा घाम पुसतायत, तो आत मुरलाय. आता त्याला चटक लागलीय. बूच ठोक आधी. ठोकलं. हात चारदा धुतले, तरी बायको ताट घेऊन लांब बसली.

१५ जानेवारी
पाऊल पुसलं. ऊन नव्हतं, तरी गरम. मऊ. फडक्यावर मळाच्या वळ्या आल्या, माणसाच्या अंगावरून निघतात तशा. तिथंच ओकलो.

१७ जानेवारी
पुतळ्याची पोटरी फुगलीय. आत काहीतरी हलतं, आवंढा गिळल्यासारखं. उद्या शाळांच्या शर्यती, लेक पळणार. व्यवस्थापकांना हात जोडून सांगितलं, पुतळ्याभोवती दोर बांधा. हसले.

१८, सकाळ
दोनशे पोरं रांगेत. पावलावर हात घासतायत. बूच उडालं. घाण पोरांच्या अंगावर नको म्हणून मी तळहात दाबून धरला —
आत ओठ आहेत. दात नाहीत. चोखतायत.
हात मनगटापर्यंत आत गेला. कातडी सैल होतेय —
खिशातली वही काढून डाव्या हातानं लिहितोय, मुकादमांना कळावं म्हणून. लेकीला ओरडून सांगितलं, जवळ येऊ नको. तिला वाटतं, मी नुसता अडकलोय. धावत आली. खांदा धरून ओढतेय. आधाराला तिनं दुसरा हात त्याच्या पावलावर ठेव—