जोडलेला पाय

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला दुरुस्तीची खोली, वर राहायला दोन खोल्या. दादाचा पलंग खिडकीशी लावला. औषधं वेळेवर घेतली तर तो सावरेल, असं डॉक्टर म्हणालेत.

दालनात सगळे बैलच आहेत. कुणाची शिंगं चंद्रकोरीसारखी, कुणी पाऊस आणणारा, कुणाच्या पाठीवर देव. माझ्या वाट्याचा मात्र थडग्यातला, भाजल्या मातीचा, वासराएवढा. मेलेल्यांना पाठीवरून पलीकडे नेणारा. त्याचा पुढचा एक पाय गुडघ्यातून तुटलाय. दादा म्हणाला, बैल लंगडा, मी लंगडा, आता तू दोघांना चारा घाल.

७ जून
पाय जोडला. सांधा शोधूनही सापडणार नाही. विभागप्रमुख ताई म्हणाल्या, माझ्या जागी आधी असलेल्या बाईंनी नोकरी सोडून जाताना हा पाय स्वतःच हातोडीने तोडला होता. घरी आई आजारी, त्यात डोकं फिरलं असावं. दादाला सांगितलं, तर तो पोट धरून हसला.

९ जून
दादा दोन घासांवर उठला. सकाळी बैलाचं तोंड दाराकडे वळलेलं. सफाईवाले म्हणतात, आम्ही हातही लावला नाही. पाठीवर खोलगट जागा आहे, कुणी बसून बसून झिजल्यासारखी. आधी कशी दिसली नाही?

१२ जून
जिन्यावर मातीचे खूर. तीन खोल, एक हलका — जपून टेकलेला.
डॉक्टर आता नजरेला नजर देत नाहीत. ताईंना विचारलं, त्या बाईंच्या आईचं पुढे काय झालं? म्हणाल्या, आहे की अजून. इतकी वर्षं अंथरुणात कण्हते आहे. ना बरी होते, ना —

१३ जून
हातोडी वर आणली. बैल पलंगाशी गुडघे टेकून बसलाय. दादालाही दिसतो. भ्याला नाही तो.

"चिमणे, पाय नको तोडूस," म्हणाला. "दमलोय गं मी."

आई गेल्यावर हाच मला पाठुंगळी घेऊन शाळेत न्यायचा. मी विचारायची, जड होते का रे? तो कधीच हो —

हातोडी खाली ठेवली. त्याला आधार द्यायला दोन्ही हात लागतील.

बैल उठतोय — दादा त्याच्या मानेवर हात ठेवून विचारतोय, जड होत नाही ना — मी त्याला म्हटलं, नीट धरून बस.