कोरड्या ओढ्यातलं घर

शनिवार, २२ मार्च

पाय दुखतायत, डोकं त्याहून जास्त. आज पुन्हा ग्रुपची ट्रेनिंग हाइक. मे महिन्यात ग्रँड कॅन्यन एका दिवसात पार करायचं, हे माझ्या नवऱ्याचं, परीक्षितचं खूळ. "परत जायच्या आधी एकदा करून टाकू यार." तो निघाला म्हणून मीही. जूनमध्ये आम्ही पुण्याला परत जातोय. कायमचे. ठरलंय, तिकिटंही काढलीत. तो "हो" म्हणालाय, पण कसा? आमटी अजून वाढू का विचारल्यावर म्हणतात तसा!

फिनिक्सच्या या डोंगरांत पाट्या नाहीत, खुणा नाहीत. निवडुंग आणि कोरडे ओढे, सगळे एकाच तोंडवळ्याचे. आमचे लीडर रवींद्र काका, रिटायर्ड इंजिनिअर. त्यांची पद्धत ठरलेली — जिथे वाट फुटते तिथे पुढच्यानं बरोबर वाटेवर दगडावर दगड ठेवायचे, मागच्यांनी ते बघून वळायचं आणि सगळ्यात शेवटच्यानं ते पाडून टाकायचे. "डोंगर होता तसा ठेवायचा." शेवटची मी, कारण त्यांच्या पत्नी नंदा काकू हळू चालतात आणि मी फिजिओथेरपिस्ट. इथलं लायसन्स नाही, व्हिसा नवऱ्याच्या जिवावरचा. इतक्या वर्षांत अमेरिकेत मला मिळालेला एकमेव पेशंट म्हणजे काकूंचा गुडघा.

मंगळवार, २५ मार्च

पुण्याच्या क्लिनिकचा मेसेज आला. जुलैपासून या! दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी परीक्षितला सांगितलं. "ग्रेट," म्हणाला, आणि डिशवॉशर लावायला उठला.

गुरुवार, २७ मार्च

विचारलं, तुला मनापासून यायचंय ना? "मी येतो म्हटलंय ना." भांडायलाही जागा ठेवत नाही हा माणूस.

शनिवार, २९ मार्च

लिहून टाकते, म्हणजे झोप तरी लागेल.

एके ठिकाणी दोन ओढे मिळतात. बाकीचे बरेच पुढे गेलेले, दिसेनासे झालेले. डावीकडच्या ओढ्याच्या तोंडाशी दगड रचलेले होते. नेहमीसारखे कसेबसे नाहीत, खाली मोठा, वर लहान, असे नीट बसवलेले. "किती सुबक रचलेत गं," काकू म्हणाल्या. मी बुटानं पाडले आणि समोर न बघताच डावीकडे वळलो.

पुढच्या फाट्यावर दगड नाहीत. वाटलं, विसरले असतील. त्याच्या पुढेही नाहीत. मग दोन्ही बाजूंनी कडे जवळ आले आणि समोर सरळ भिंत! फोनला रेंज नाही. काकूंची बाटली रिकामी, माझ्या बाटलीत दोन घोट. त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्यांना जेमतेम सावलीत बसवलं, पाय मांडीवर घेऊन दाबत राहिले. मी मनातून पार घाबरले होते. त्यांच्यापुढे बडबड करत होते, पुण्याला जाण्याबद्दलच, दुसरं सुचतंय कुठे मला!

काकू म्हणाल्या, "मलाही जायचं होतं गं. आमचे हे तयार होते, मीच नाही म्हटलं. तिथे रोज त्यांचं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं." मग म्हणाल्या, "इथे त्यांना माझं बघावं लागलं."

किती वेळानं कोण जाणे, शिट्टी ऐकू आली. ओरडून घसा बसला माझा. सगळ्यांत पुढे परीक्षित, कोपर सोललेलं, तोंड पांढरंफटक. त्यानं आधी काकूंना पाणी पाजलं. मग माझा दंड धरला तो सोडेचना.

रवींद्र काका तापलेले. "आपण सरळ गेलो होतो, आपले दगड तिकडे होते. इकडे का वळलात?"

"दगड होते ना."

"इकडे कोणीही दगड ठेवलेले नाहीत."

"मी ठेवले," परीक्षित म्हणाला. "लघवीला आलो होतो इथे. सहज रचले. सॉरी काकू, लक्षातच नाही आलं." काकांनी सगळ्यांसमोर त्याची अशी काही हजेरी घेतली की माझीच मान खाली गेली.

पण सहज? लग्नानंतर आम्ही वणीला गेलो होतो. तिथे गडावर लोक दगडावर दगड रचतात, स्वतःचं घर व्हावं म्हणून. यानंही असेच रचले होते, खाली मोठा, वर लहान. मी तेव्हा हसले होते त्याला.

गाडीत विचारलं, "घर मागत होतास?"

त्यानं हो म्हणून मान हलवली.

"कुठलं?"

त्यानं फ्रीवेवर लेन बदलली. मग म्हणाला, "इथलं. पण त्याचं काय एवढं, आशू? मी येतो म्हटलंय ना."

आणि ते मी बुटानं पाडलं.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी त्यानंच उभारली बाल्कनीत. श्रीखंड आणलं, काकूंना डबा देऊन आला, पुन्हा माफी मागून आला. दुपारी मला विचारतो, "पुण्यात भाड्यानं कुठे बघायचं? तुझ्या क्लिनिकजवळ बघू ना?" इतक्या शहाण्या आवाजात की मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. हा येईल. तिथे एका शब्दानं कधी तक्रार करणार नाही. आणि मी रोज त्याचं तोंड बघेन.

मला तो हवाय. मला जायचंही आहे. सबंध दुपार या खोलीतून त्या खोलीत फिरले.

सोमवार, ३१ मार्च

एअरलाइनला फोन केला. त्याचं तिकीट कॅन्सल केलं. माझं ठेवलंय. तो अजून ऑफिसातून यायचाय.